कसब्यातला बोळ: ऊन सोडायचं, सावली रंगवायची

गड्ड्याची, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर जत्रेची, गर्दी ओसरली आणि उत्तर कसब्यात पुन्हा बसायला जागा झाली. नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या दिवसांत इकडं जलरंगाचं चित्र काढायला स्टूल टाकायचा विचारही करू नये. आता बाळीवेशीजवळचा तो बोळ सकाळी जवळजवळ माझाच असतो. अरुंद इतका, की सायकल आली तर बोर्ड छातीशी धरून उभं राहायचं. एका अंगाला वाड्याची मागची भिंत, खाली काळा दगड, वर पांढरी माती, माळवदाच्या कडेला वाळलेलं गवत. समोर चुन्यात नीळ कालवून रंगवलेली भिंत आणि त्यात एक बुटकं हिरवं दार. रस्त्यावरून यातलं काहीच दिसत नाही.

या महिन्यात सगळा भर एकाच गोष्टीवर दिला. सोलापूरच्या उन्हात रंग उरतच नाही. यूट्यूबवरचे बरेचसे धडे ढगाळ देशांतले. तिथं उजेडाची बाजू रंगीत आणि सावली करडी. आपल्याकडं उलटं आहे. नऊ वाजून गेले की उन्हातली भिंत नुसती पांढरी फटक, आणि निळा, जांभळा, मातकट जे काही आहे ते सावलीत. गड्ड्यात बाराबंदी घातलेली माणसं गल्लीच्या सावलीतून जाताना नीट बघा, पांढराशुभ्र कपडा तिथं चक्क निळसर दिसतो. म्हणून उन्हातली भिंत आता कोरा कागदच ठेवतो, फार तर यलो ऑकरचा (मातकट पिवळ्याचा) अगदी पातळ हात. बाकी सगळी मेहनत सावलीवर.

सावलीतसुद्धा एकच रंग नसतो. जो भाग आकाशाकडं उघडा आहे तो थंड. वळचणीखाली मात्र उन्हातल्या फरशीवरून उजेड उसळून येतो, तिथं ऊब आहे. त्यामुळं वरून अल्ट्रामरीन निळ्यानं सुरुवात करतो आणि ओलं असतानाच खाली बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी, सोडतो. मधे दोन्ही मिसळून जो राखाडी मिळतो, तो ट्यूबमधल्या कुठल्याही काळ्यापेक्षा जिवंत. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि मातीच्या भिंतीचा खरखरीतपणा फुकटात मिळतो.

अडचण कोरड्या हवेची. वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, निम्म्यावर येईपर्यंत वरची कड वाळून रेघ पडते. यावर जमलेला उपाय म्हणजे शंभर टक्के कॉटनचा ३०० जीएसएमचा जाड कागद मागून पुढून भिजवून ॲक्रिलिकच्या शीटवर चिकटवणं. कागदाच्या पोटात पाणी राहतं, हाताला उसंत मिळते. पाण्यात ग्लिसरीनचा थेंब टाकणारेही आहेत. रंग उशिरा वाळतो हे खरं, पण जास्त झालं की चिकटपणा जात नाही, आणि आपल्या धुळीत चिकट चित्र म्हणजे माशा पकडायचा कागद. मी त्या वाटेला जात नाही.

दुसरी गोष्ट, सावलीची कड आधी पेन्सिलनं आखून घ्यायची आणि मग तिच्याशी इमान राखायचं. सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो. अर्ध्या चित्रात नवी सावली आवडली म्हणून तिच्या मागं गेलं की भिंतीवर दोन सूर्य दिसतात.

निळ्या भिंतीच्या घरातल्या अज्जी रोज येऊन बघून जातात. "काय काढायलास रे?" झालं, मग कागदाजवळ वाकून, "आमचं दार हिरवं हाय की. काळं कशाला केलास?"

"सावलीत आहे ना अज्जी."

"मग सावली सरल्यावर काढ की."

त्यांचं म्हणणं चित्रकलेच्या दृष्टीनं चूक, पण दारात मी खरंच अंधार जास्त भरत होतो का, हे बघायला डोळे बारीक करून पुन्हा पाहिलं. हिरवा होता तिथं, दबलेला. सिएना कमी करून थोडा सॅप ग्रीन घातला. अज्जींचं समाधान अजून झालेलं नाही.

हे एप्रिलअखेरपर्यंत उरकायला हवं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात भरदुपारी सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीचीही सावली पडत नाही, आणि त्या सुमारास ऊन सकाळीच असह्य होतं. तेव्हा भुईकोट किल्ल्यात झाडाखाली बसायचा बेत आहे, तटाच्या काळ्या दगडासाठी. तोवर निळ्या भिंतीचं चित्र पाव इंपिरियलवर, म्हणजे ११ बाय १५ इंचांवर, पुन्हा घेतोय. या वेळी दाराला आधी हात.