जुन्या एमटीएस फाइली टीव्हीवर आणताना

आमच्या हौशी नाट्यमंडळाने २०१२ साली केलेल्या दोन अंकी नाटकाचे चित्रीकरण एव्हीसीएचडी पद्धतीच्या कॅमकॉर्डरवर झाले होते, आणि ते मंडळींना एकत्र बसवून टीव्हीवर दाखवावे असे ठरले. कार्डावरचा सगळा ऐवज हार्ड डिस्कवर जसाच्या तसा ठेवलेला होता. ‘प्रायव्हेट’, ‘एव्हीसीएचडी’, ‘बीडीएमव्ही’ आणि ‘स्ट्रीम’ अशी एकात एक फोल्डरे उघडत गेले की तळाशी ०००००पासून क्रमांक लावलेल्या एमटीएस फाइली सापडत. संगणकावर व्हीएलसी या प्लेअरमध्ये त्या विनातक्रार चालत होत्या. टीव्हीला पेनड्राइव्ह लावल्यावर मात्र ‘फॉरमॅट चालत नाही’ एवढाच संदेश येत होता.

हा संदेश वाचून फारसे काही कळत नाही. फाइलीच्या नावापुढचे एक्स्टेन्शन टीव्हीला ओळखीचे नसेल, चित्राचा कोडेक, म्हणजे ते दाबून भरण्याची पद्धत, चालत नसेल, आवाजाचा कोडेक चालत नसेल किंवा हे दोन्ही ज्यात भरलेले आहेत तो कंटेनर चालत नसेल, तरी टीव्ही तेच एक वाक्य दाखवतो. फाइल सरळ कन्व्हर्ट करून टाक, असा सल्ला मंडळातल्या एकदोघांनी दिला. परंतु कन्व्हर्ट करणे म्हणजे प्रत्येक फ्रेम उलगडून पुन्हा दाबून भरणे. त्यात वेळ जातो आणि चित्राचा कस थोडा तरी उतरतोच. रंगमंचावरच्या मंद प्रकाशात घेतलेल्या, आधीच दाणेदार असलेल्या चित्रीकरणाला तो उतार परवडणारा नव्हता.

म्हणून आधी फाइलीच्या आत काय आहे ते सांगणाऱ्या मीडियाइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडून पाहिली. चित्र एच.२६४ कोडेकचे, १९२० गुणिले १०८० आकाराचे आणि इंटरलेस्ड, म्हणजे प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांत टिपलेले, होते. आवाज एसी-३, म्हणजे डॉल्बी डिजिटलचा. आणि एकूण बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला लागणारी माहिती, सुमारे १७ मेगाबिट. टीव्हीच्या माहितीपुस्तिकेत हे दोन्ही कोडेक चालणाऱ्यांच्या यादीत होते. त्यामुळे संशय उरला तो कंटेनरवर. अशा वेळी रिमक्स करणे पुरेसे असते. पदार्थ तेच, फक्त डबा बदलायचा. चित्राच्या आणि आवाजाच्या एकाही बिटला धक्का लागत नाही.

मात्र डबा बदलण्याआधी आणखी एक काम होते. कॅमेरा अखंड चालू असला तरी आमच्या कॅमकॉर्डरने प्रत्येक २ गिगाबाइटला नवी फाइल सुरू केली होती. १७ मेगाबिटच्या वेगाने ही मर्यादा सोळा-सतरा मिनिटांत गाठली जाते, त्यामुळे तासाभराच्या एका अंकाचे चार तुकडे झाले होते. एफएफएमपेग या व्हिडिओवर काम करणाऱ्या सॉफ्टवेअरला या तुकड्यांची यादी देऊन ते जोडले, तेव्हा प्रत्येक सांध्यावर आवाज क्षणभर तुटत होता, आणि त्यांतला एक सांधा नेमका नायिकेच्या स्वगतात आला होता. कारण शोधताना असे दिसले की कॅमेरा फाइल कापताना आवाजाची फ्रेम पूर्ण होण्याची वाट पाहत नाही. फ्रेमचा आरंभ एका फाइलीत आणि उरलेला भाग पुढच्या फाइलीत जातो. प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे उघडणारे सॉफ्टवेअर हे दोन्ही अर्धवट तुकडे टाकून देते. त्यावरचा उपाय आश्चर्य वाटावे इतका साधा निघाला. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर ‘कॉपी’ आज्ञेला ‘बी’ हा पर्याय देऊन आणि फाइलींच्या नावांमध्ये अधिकचे चिन्ह घालून चारही तुकडे बाइटला बाइट लावून जोडले, आणि सांधे नाहीसे झाले.

ही युक्ती फक्त एकाच अखंड चित्रीकरणाच्या तुकड्यांना लागू पडते. मध्यंतरात कॅमेरा बंद करून पुन्हा सुरू केला होता, त्यामुळे दुसऱ्या अंकाचे टाइमस्टॅम्प, म्हणजे फाइलीतल्या वेळेच्या नोंदी, नव्याने सुरू होत होते. ते पहिल्याच्या शेपटाला असेच चिकटवले असते, तर प्लेअरचा वेळेचा हिशेब चुकला असता. म्हणून दोन्ही अंक वेगळेच ठेवले. नाटकाला मध्यंतर असतेच, तेव्हा यात काही बिघडले नाही.

कंटेनर म्हणून एमपी४ सगळीकडे चालतो असे म्हणतात, पण आमच्या टीव्हीवर त्यातून चित्र आले आणि आवाज आला नाही. एमपी४मध्ये एसी-३ आवाज ठेवण्याची सोय आहे. तरीही तो त्यातून वाचायला सगळे प्लेअर तयार नसतात, एमपी४ म्हटले की ते एएसी आवाजाचीच अपेक्षा धरतात. तोच आवाज एमकेव्ही या दुसऱ्या कंटेनरमधून मात्र टीव्हीने बिनबोभाट वाजवला. एमकेव्ही फाइली बनवणाऱ्या एमकेव्हीटूलनिक्स या सॉफ्टवेअरमध्ये जोडलेली फाइल टाकून रिमक्स केले, की अंकामागे काही मिनिटांतच काम होत होते, कारण तो वेळ जवळजवळ सगळा डिस्कवर लिहिण्यातच जातो. आणखी एक लाभ असा झाला की रिमोटने पुढे-मागे जाणे सहज जमू लागले. एमटीएस मुळात ट्रान्सपोर्ट स्ट्रीम आहे. अखंड वाहत्या प्रक्षेपणासाठी घडवलेल्या त्या रचनेत अनुक्रमणिका नसते, आणि एमकेव्हीमध्ये ती असते.

एका अंकाची फाइल साडेसात गिगाबाइटच्या घरात गेली आणि पेनड्राइव्हने ती घेण्यास नकार दिला. तो फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला होता, आणि त्या पद्धतीत एका फाइलीला ४ गिगाबाइटची मर्यादा असते. एक्सफॅट केल्यावर टीव्ही पेनड्राइव्ह ओळखेना. एनटीएफएस केल्यावर त्याने तो लगेच ओळखला. दोन्ही अंक त्याच पेनड्राइव्हवरून मंडळींनी सलग पाहिले.

त्यानंतर काहींनी मोबाइलसाठी प्रत मागितली, आणि तिथे रिमक्सचा उपयोग संपला. इंटरलेस्ड चित्रात प्रत्येक फ्रेम सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या अंतराने टिपलेल्या दोन अर्ध्या चित्रांची असते. टीव्ही ती आपोआप जुळवून घेतो, पण माझ्या मोबाइलवर हात हलला की त्याच्या कडांना आडव्या रेघांचे दाते दिसत होते. हा दोष चित्राच्या आतला असल्यामुळे तो डबा बदलून जात नाही, आणि तिथे कन्व्हर्ट करण्याला पर्याय नव्हता. एफएफएमपेगमधले ‘यादिफ’ फिल्टर प्रत्येक अर्ध्या चित्रापासून एक पूर्ण फ्रेम तयार करेल अशा रीतीने लावले, त्यामुळे सेकंदाला ५० फ्रेम मिळून नटांच्या हालचालींतला मूळ सलगपणा टिकला. आवाज एएसीमध्ये नेला, कंटेनर एमपी४ ठेवला, आणि दुव्यावरून पाहणाऱ्यांना फाइल पूर्ण उतरण्याची वाट पाहावी लागू नये म्हणून तिची अनुक्रमणिका ‘फास्टस्टार्ट’ पर्यायाने आरंभी आणली. माझ्या जुन्या लॅपटॉपला हे काम रात्रभर पुरले. मूळ एमटीएस फाइली मात्र त्यांच्या संपूर्ण फोल्डर-रचनेसह दोन वेगळ्या डिस्कवर ठेवल्या आहेत. वर सांगितलेल्या सगळ्या प्रती त्यांच्यापासून केव्हाही पुन्हा करता येतात.