मार्केटिंगचा विषय अन् फायनान्सच्या मॅडम

पेट, म्हणजे पीएचडीची प्रवेश परीक्षा, पास झालो तेव्हा घरी पेढे वाटले, वाटलं पीएचडी लागली. पण खरी पायपीट तर गाईड शोधण्यात होती. मी राळेगाव साईडचा, एमबीए मार्केटिंग, घरी कापूस, विषय डोक्यात पक्का होता की आमच्याकडचे लोक बाजार समितीच्या यार्डात न नेता खेडा खरेदीवाल्याले, म्हणजे गावात येऊन कापूस घेणाऱ्या व्यापाऱ्याले, घरीच कापूस काहून देतात.

म्हणून मान्यताप्राप्त गाईडच्या यादीतले मार्केटिंगवाले सगळे धरले. बहुतेकांकडे जागा फुल. यूजीसीच्या २०२२ च्या नियमात प्रोफेसरला ८, असोसिएटला ६ अन् असिस्टंटला ४ च विद्यार्थी घेता येतात. एक सर तयार होते पण त्यांच्या रिटायरमेंटला ३ वर्षंही उरली नव्हती, म्हणजे नवीन विद्यार्थी बंद. अजून एक म्हणाले, "कापसाचं काय करतो, ऑनलाईन शॉपिंगवर कर, फॉर्म पटापट भरून होतात." राग आला पण काय बोलणार.

मग एका सिनिअरनं सांगितलं की प्रोफाईलवर काय लिहिलंय ते सोड, शोधगंगावर, म्हणजे पीएचडीचे प्रबंध ठेवलेल्या वेबसाईटवर, जाऊन त्यांच्या हाताखाली कोणते प्रबंध झाले ते पाय. आठ दिवस रात्री स्लॅबवर रेंज पकडून तेच केलं. प्रोफाईलवर सगळे मार्केटिंग, एचआर, स्ट्रॅटेजी सगळ्यातलेच तज्ज्ञ असतात, प्रबंधांचे विषय पाहिले की माणूस कुठं रमतो ते समजते. अन् तिथंच एक मॅडम सापडल्या, यादीत 'बँकिंग अँड फायनान्स' म्हणून मी उघडल्याच नव्हत्या, पण त्यांच्याकडे एक प्रबंध पीककर्जावर अन् एक दुधवाल्यांच्या हिशोबावर झालेला.

पहिला मेल लांबलचक, बायोडाटा वगैरे जोडून, उत्तर नाही. दुसऱ्यांदा एकच पान पाठवलं, गावातल्या १२ घरांनी कापूस कोणाला दिला अन् पैसे कधी हातात आले एवढंच. संध्याकाळीच उत्तर आलं, भेटायला या. यवतमाळ, नेर करत अमरावतीला पोचलो. मॅडमनी पहिलाच प्रश्न टाकला, "शेतकरी चांगल्या भावासाठी विकतो की नगदीसाठी?" मी गप्प. कारण सीसीआयमध्ये, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या खरेदीत, ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की कपात, १२ च्या वर घेतच नाही, अन् पैसे बँक खात्यात येतात, इकडं खेडा खरेदीवाला अंगणातच नोटा मोजतो, भाव कमी का असेना. म्हणजे माझा विषय अर्धा फायनान्सचाच होता की.

समितीपुढे प्रेझेंटेशन झालं, शीर्षकातला 'मार्केटिंग' शब्द गेला, नाव मंजूर झालं. बाबा म्हणाले, "अन् हे शिकून पराटीले बोंड जास्त लागन का?"

सध्या कोर्सवर्क चालू आहे. यंदाचा पहिला वेचा बाबांनी खेडा खरेदीवाल्यालेच दिला, मी काट्याजवळ उभा राहून वजन अन् भाव वहीत लिहून घेतला.