एक साखळी, छत्तीस पावलं

"अण्णा, काल दिवसभरात फक्त एकोणनव्वद पावलं?" माझा आवाज जरा चढलाच होता.

अण्णा भूमी अभिलेखमधले निवृत्त सर्व्हेअर, वय अठ्ठ्याहत्तर. खुब्याचं ऑपरेशन होऊन सहावा आठवडा, चालणं वॉकरवर. बंगळूरच्या मुलाने मनगटावर स्मार्टवॉच बांधून दिलेलं. आकडे त्याच्या फोनवर दिसायचे आणि रोज रात्री तो वडिलांना झापायचा. त्याच आकड्यांवर विसंबून मीही, त्यांची फिजिओथेरपिस्ट, मागच्या आठवड्यात चालण्याच्या फेऱ्या वाढवून दिल्या होत्या. संध्याकाळी पाय सुजतो असं काकू म्हणाल्या, तेव्हा "दिवसभर पाय लोंबकळत ठेवून बसतात ना, म्हणून" असं सांगून मी मोकळी झाले होते.

"बाई," अण्णा शांतपणे म्हणाले, "तुमची साखळी पडताळलीय का?"

त्यांच्या काळी शेत मोजायला शंकू साखळी असायची. लांबी ३३ फूट, तिचे सोळा भाग म्हणजे सोळा आणे. वापरून वापरून कड्या ताणल्या की साखळी लांबते, मग बांधावरून भांडणं. म्हणून मोजणीआधी साखळीच मोजायची. नातवाकडून त्यांनी दारापासून देवघराच्या उंबऱ्यापर्यंत टेप धरून घेतली होती, फरशीवर खडूच्या खुणा होत्या. बरोबर एक साखळी. आमची चालण्याची चाचणी दहा मीटरची. फरक जेमतेम सहा सेंटिमीटरचा!

मी बॅगेतून हातातलं काउंटर काढलं, जपाला वापरतात तसलं. अण्णा उठले. वॉकर पुढे, ऑपरेशनचा पाय, मग दुसरा पाय, थांबा. पुन्हा वॉकर पुढे. एका साखळीला छत्तीस पावलं, चाळीस सेकंद. म्हणजे ताशी एक किलोमीटरही नाही. सहा साखळ्या झाल्या, माझे २१६. घड्याळात वाढली होती एकोणीस.

काही वेळ मी नुसती आकड्याकडे बघत राहिले.

खरं तर हे मला सुचायला हवं होतं. घड्याळाला पाय दिसत नाही. आतल्या सेन्सरला कळतात ते मनगटाला बसणारे हिसके. ते पुरेसे जोरकस आणि ओळीने एका लयीत आले, तर तो त्यांना पावलं म्हणतो. एखाददुसरा हिसका सोडून देतो, नाहीतर डास मारला तरी पाऊल धरलं जाईल. अण्णांचे दोन्ही हात वॉकरवर घट्ट, पाय जमिनीलगत सरकणारे, आणि दर दोन पावलांनी विसावा. लय जमायच्या आत तुटायची. धडधाकट माणूसही रेंगाळत चालला की या घड्याळांची मोजणी घसरते. वर त्यात आयतं लक्ष्य दहा हजारांचं. तो आकडा लोकप्रिय केला १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या एका यंत्राने. त्याच्या नावाचा अर्थच 'दहा हजार पावलांचं मापक'. खुबा मोडलेल्या माणसाचा त्याच्याशी काय संबंध?

घड्याळ काढून घोट्यापाशी मोज्यात खोचलं. पुन्हा सहा साखळ्या, मध्ये बसून बसून. या वेळी १८१. चूक होतीच, पण ओळखू येण्याइतकी पावलं तरी हाती लागली.

तेवढ्यात काकूंनी ते घड्याळ हौसेनं स्वतःच्या हातात चढवलं आणि पोळ्या लाटायला घेतल्या. ओट्यापासून हलल्या नाहीत, तरी दहा पोळ्यांत सव्वाशे पावलं! अण्णा इतके हसले की मला त्यांना खुर्चीत बसवावं लागलं.

फाइलमध्ये मागच्या भेटीची माझी नोंद होती, 'रुग्ण सांगितलेलं चालत नाही'. ती अण्णांसमोरच खोडली. फेऱ्या निम्म्या केल्या, सुजेसाठी सर्जनना फोन लावला. आता अण्णा जुन्या फील्डबुकात लिहितात: सकाळी ४ साखळ्या, संध्याकाळी ३. घड्याळ काकूंनीच ठेवून घेतलंय. मुलगा परवा फोनवर म्हणाला, "बाबा, आता कसं, चांगले चालताय!"

"हो," अण्णा म्हणाले, "आज भाकरी होत्या."