पितळ कापायची सुरी

लाल भोपळ्याने माझी सुरी मोडली, असं मी दोन महिने सगळ्यांना सांगत होते. खरं तर मीच मोडली. देठाशी पातं अडकलं आणि ते सरळ वर ओढायचं सोडून मी मूठ धरून पिळलं. टिक् असा बारीक आवाज आला. धारेला दोन खाचे पडले होते, मुंगीने कुरतडल्यासारखे.

सुरी जपानी, ऑनलाइन मागवलेली. खोक्यावर व्हीजी-१० (पोलादाची जात), ६० एचआरसी (कडकपणा), १५° (धारेचा कोन) असं काय काय लिहिलेलं होतं. तेव्हा हे आकडे माझ्या लेखी साबणाच्या वडीवरच्या टीएफएमसारखे होते, छापायचे म्हणून छापलेले.

मुलुंडला आमच्या गल्लीत अधूनमधून सायकलला चाक लावलेला धारवाला येतो. त्याच्याकडे दिली. ठिणग्या उडाल्या, पाच मिनिटांत खाचे गेले, पन्नास रुपये झाले. टोमॅटो छान कापला म्हणून मी खूश. दुसऱ्या दिवशी गाजर कापायला घेतलं तर ते कापलंच जाईना, कडाक् करून फुटायचं. बटाट्यात सुरी शिरायची आणि तिथेच रुतून बसायची. टोकापाशी पात्यावर निळसर झाकही दिसत होती.

बाबा भांडुपच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये फिटर होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण व्हर्निअर अजून टीव्हीखालच्या खणात असतो. त्यांनी सुरी उजेडात तिरकी धरली आणि मला विचारलं, "खोक्यावर १५ लिहिलंय ते एका बाजूचे की दोन्ही मिळून?"

मला हा प्रश्न पडलाच नव्हता. सुऱ्यांच्या जगात बहुतेक वेळा एका बाजूचा कोन सांगतात, म्हणजे १५ म्हटलं की दोन्ही मिळून ३०. बाबांच्या कारखान्यातल्या छिन्नीचा कोन मात्र पूर्ण सांगतात. आयटीआयमध्ये पाठ केलेला तक्ता त्यांनी पाढ्यासारखा म्हणून दाखवला. हाय कार्बन स्टीलला ६५, बिडाला ६०, माइल्ड स्टीलला ५५, पितळेला ५०, तांब्याला ४५, ॲल्युमिनियमला ३०. माल जितका कडक, तितकी छिन्नी बोथट ठेवायची, नाहीतर टोक उडतं.

"मग भाजीला?"

"भाजी आमच्या सिलॅबसला नव्हती."

नागदेवी स्ट्रीटवरून मी एक दुहेरी दगड आणला, एक बाजू भरड, एक बारीक. आणि पॉलिश पेपर, १००० आणि २००० नंबरचे. कोन कसा धरायचा ते बाबांनी शाळेतल्या त्रिकोणमितीवर सोडवलं. पातं दगडावर टेकवलं की पात्याची रुंदी हा कर्ण, आणि पाठ दगडापासून जितकी वर, ती समोरची बाजू. रुंदी गुणिले साइन. माझी सुरी आता ४५ मिमी रुंद होती. १५ अंशांचा साइन ०.२५९, म्हणजे पाठ साडेअकरा मिमीच्या जरा वर. दहावीनंतर साइन पहिल्यांदाच उपयोगी पडला. साडेअकरा मिमी उंचीची लाकडाची पाचर कापली, पाठ तिच्यावर टेकवून कोन हाताला समजावला आणि घासायला बसले.

एक तास घासलं. मनगट भरून आलं. धार होती तशीच.

बाबा तोवर पेपर वाचत होते. मग म्हणाले, "मार्कर आण." धारेच्या उतारावर काळी शाई फासली आणि मला चार हात मारायला सांगितले. शाई उताराच्या वरच्या कडेची गेली, अगदी धारेवरची जशीच्या तशी. मी तासभर सुरीचा खांदा घासत होते, धारेला दगड लागलाच नव्हता! मग पाठ थोडी थोडी उचलत गेले. शाई धारेपासून पुसली गेली तेव्हा पाठ १९ मिमीवर होती. १९ भागिले ४५, म्हणजे २५ अंश. एका बाजूचे. दोन्ही मिळून पन्नास.

बाबा इतके हसले की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "पितळ काप हिने," ते म्हणाले.

धारवाल्याला दोष द्यावा असं मला वाटत नाही. त्याच्याकडे दिवसभर विळ्या, कात्र्या, मटणवाल्यांचे सुरे येतात. त्या मालाला जाड कोन मानवतो, जास्त टिकतो. माझी सुरी त्याच्या चाकासाठी नव्हती, एवढंच. निळ्या डागाचं मात्र वाईट वाटलं. कोरड्या चाकावर पातळ टोक क्षणात तापतं. बाबांच्या हिशेबाने साध्या कार्बन स्टीलला तो निळा रंग ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास येतो, स्टेनलेसला त्याहून जास्त लागतात, आणि तेवढं तापलं की पाणी उतरतं. तेवढा भाग मऊ पडला.

कोन कळला, पण गाजर का फुटतं ते कळेना. २५ च्या कोनातही धार चांगली लागत होती, कागद सुर्रकन कापला जात होता. बाबांनी व्हर्निअर काढून धारेच्या लगेच वरची जाडी मोजली आणि तेव्हा मला दुसरी अर्धी गोष्ट समजली. धार असते केसाएवढ्या भागात. गाजरात ती शिरते, पण तिच्यामागे येतं पातं, आणि ते पाचरीसारखं असेल तर गाजर फाकतंच. हे पातं कसं घासून आणलंय, त्याला ग्राइंड म्हणतात, आणि तो धारेच्या कोनाहून निराळा असतो. इतके दिवस मी दोन्ही एकच समजत होते.

मग आठवडाभर मी भेटेल ते पातं बघत सुटले. माझी सुरी सपाट ग्राइंडची, पाठीपासून धारेपर्यंत सरळ उतार. आजोबांचा जुना वस्तरा कपाटात होता, त्याचे दोन्ही गाल आत खोलगट, चाकाच्या गोलाईने कोरून काढलेले. म्हणून तर तो धारेपाशी इतका पातळ. दाढीला उत्तम, हाडावर चालवला तर गेलाच. स्टेशनबाहेरच्या शहाळेवाल्याला विचारून त्याचा कोयता हातात घेतला (त्याने आधी माझ्याकडे आणि मग गिऱ्हाइकांकडे पाहिलं, ते बरोबरच होतं). त्याच्या पात्यावर उतार कुठे सुरू होतो ती रेघच दिसत नाही. दोन्ही गाल मसुरीसारखे बाहेर फुगलेले. घाव बसला की शहाळं फाकून बाजूला होतं, पातं रुतत नाही, आणि धारेमागे पोलाद भरपूर असल्यामुळे तुकडा उडत नाही. माझ्या सुरीने गाजराचं जे केलं तेच कोयत्याला शहाळ्याचं करायचं असतं. तिथे तो गुण.

बाबांच्या पेटीत पटाशी निघाली. तिची एक बाजू आरशासारखी सपाट आणि उतार फक्त दुसऱ्या बाजूला. एकाच बाजूने ३० अंश, म्हणजे एकूणही ३०, माझ्या सुरीच्या खोक्यावरच्या १५ अधिक १५ इतकेच. कच्च्या माशाचे काप काढायची जपानी लांब सुरी, यानागिबा, तीही अशीच एका बाजूने घासलेली असते. आणि आमच्या घरची विळी उजेडात नेली तर तीही जवळपास एकाच अंगाने उतरलेली. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणून कांदा एका बाजूला पडतो." चाळीस वर्षं तिला हे माहीत होतं, फक्त कुणी विचारलं नव्हतं.

मग सुरीचं खरं काम काढलं. आधी पातं पातळ करायचं, धारेला हात नाही लावायचा. पाठ जेमतेम पाच मिमी उचलून, म्हणजे सहा अंशांवर, भरड बाजूवर दोन्ही अंगं घासली. हे काम कंटाळवाणं आहे, त्याला दुसरा शब्द नाही. दोन रविवार गेले. पात्यावरची सुरेख लाटांची नक्षी ओरखड्यांनी भरून गेली. राखाडी गाळ ओट्यावर, नखांत, एकदा तर पोह्यांच्या ताटलीतही. खांदा खाली सरकत सरकत धारेपर्यंत आला तेव्हा थांबले.

नंतर धार. १५ वर परत जायचं नाही हे मी ठरवलं होतं. आमच्या घरात भोपळा येतो, सुरण येतो आणि पाहुणे येतात. १७ धरले, पाठ १३ मिमीवर. एका बाजूने इतकं घासायचं की दुसऱ्या बाजूला बर यायला हवी. बर म्हणजे धारेवर वळलेली पोलादाची बारीक किनार. ती दिसत नाही, अंगठा पाठीकडून धारेकडे आणून बाहेर ओढला की खरखर लागते. (धारेच्या लांबीवरून अंगठा कधीही फिरवायचा नाही.) ती मुठीपासून टोकापर्यंत सलग लागली तरच बाजू बदलायची. पहिल्या दिवशी माझा घोळ इथेच झाला होता. बर आलेली नसताना मी बाजू बदलत बसले होते.

शेवटी काचेवर पॉलिश पेपर ओला करून चिकटवला. त्यावर पातं फक्त मागे ओढायचं, पुढे ढकललं की कागदच कापला जातो. तो धडा दोन कागदांत मिळाला. मग बाबांच्या जुन्या चामडी पट्ट्यावर वीस-पंचवीस हात.

गाजर पहिलं कापलं. आवाज आला नाही. चकत्या ताटात पडत गेल्या आणि एकही फाकली नाही. आईने कोबीचा अर्धा गड्डा माझ्यापुढे सरकवला आणि विळी उभी करून ठेवली. तिच्याकडून आलेली ही दाद फार मोठी.

टोक मात्र अजून बिघडलेलंच आहे. तिथे पातं अरुंद होत जातं, २५ मिमीवर येतं, आणि मी पाठ तीच १३ मिमीवर धरून ठेवली. हिशेब केला तर तिथला कोन ३१ निघतो. बाबांना सांगितलं तर त्यांनी विचार करून विचारलं, "दोन्ही मिळून ६२? बिडाच्या वर गेलीस."

येत्या रविवारी टोकासाठी वेगळी पाचर कापायची आहे, साडेसात मिमीच्या आसपास.