जरा सरकता का?

मराठीत गाडी ‘लावतात’. दिवा लावतात, झाड लावतात, विरजण लावतात, तशीच गाडी. ग्रंथालयात शब्दकोशांच्या कपाटाला पाठ लावून बसण्यात माझी पंचवीस वर्षं गेली, पण हे कधी डोक्यात आलं नव्हतं. आलं ते परिपत्रक निघालं तेव्हा.

परिपत्रक आमच्याच दारावर चिकटवलं होतं, शिपायाने घाईत लावल्यामुळे जरा तिरकं. ‘सर्व संबंधितांस कळविण्यात येते की’ इथून सुरुवात. भाषा बाजूला काढली तर मजकूर एवढाच: पहिल्या तारखेपासून आवारात खासगी गाड्या बंद. चारचाकी आणि दुचाकी, सगळ्यांनी मागच्या गेटजवळच्या नव्या वाहनतळावर थांबायचं. त्यासाठी अर्ज करून स्टिकर घ्यायचा. तिथून आत पायी, सायकलने किंवा बॅटरीवर चालणाऱ्या गाडीने. नियम मोडला तर जॅमर.

विद्यापीठाचं नाव सांगत नाही. मुंबईतलंच आहे, उपनगरातलं आहे, आणि माझ्या निवृत्तीला अजून सहा वर्षं आहेत.

आता माझं दुःख सांगते. आमच्या इमारतीसमोर एक मोठा पर्जन्यवृक्ष आहे. त्याच्या बुंध्यापासून चार पावलांवर, मुळांनी पेव्हर ब्लॉक वर ढकललेत त्याच्या अलीकडे, एक सपाट तुकडा आहे. सहा फूट बाय अडीच. तिथे माझी स्कूटर वीस वर्षं उभी राहिली. स्कूटर दोनदा बदलली, जागा नाही. एप्रिल-मेमध्ये सीटवर गुलाबी फुलांचा चुरा पडायचा. त्याच्या शेंगा फुटल्या की आतला चिकट गर सीटला बसायचा आणि साडीला खुणा पडायच्या. कावळ्यांचं काय ते सांगत नाही. म्हणून डिकीत एक जुना पंचा कायमचा. संध्याकाळी पाच-साडेपाचला झाड पानं मिटायला लागायचं, तेव्हा मी पंच्याने सीट पुसत असायचे. दोघांचीही सुटायची वेळ एकच.

ही जागा मला कुणी दिली नव्हती. मी ती पाण्यातून काढली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, ही गोष्ट मुंबईत शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. त्या रात्री आम्ही चाळीसेक जण ग्रंथालयाच्या पहिल्या मजल्यावर होतो. बाकांवर झोपलो, एका मुलीकडची पार्लेची बिस्किटं वाटून खाल्ली. उजाडल्यावर खिडकीतून पाहिलं तर सखल भागातल्या गाड्या टपापर्यंत पाण्यात, काही एकमेकींवर कलंडलेल्या. माझी नवी कोरी स्कूटीही त्यातच कुठेतरी. पण झाडाच्या बुंध्याभोवतीची जमीन मात्र वर, ओली पण उघडी, आणि तिच्यावर एक कुत्रं शांत बसलेलं. स्कूटी दुरुस्त होऊन आली त्या दिवसापासून मी ती तिथे लावायला लागले.

मग ती ‘मॅडमची जागा’ झाली. एकदा नवीनच रुजू झालेल्या एका सरांनी तिथे आपली बुलेट लावली. मी काही बोलले नाही, नुसती स्कूटर चालू ठेवून बुलेटभोवती एक फेरी मारली. सिक्युरिटीवाले काका लगेच पुढे झाले. “सर, ती मॅडमची जागा आहे.” सरांनी सॉरी म्हणत बुलेट हलवली. कुणी सांगितलं, कोणत्या नियमाने, कागद दाखवा, असं एका शब्दाने विचारलं नाही. संशोधन पद्धती शिकवणारे गृहस्थ.

त्या झाडासमोरच्या रांगेत सगळ्यांच्याच जागा ठरलेल्या होत्या आणि गंमत म्हणजे माणसांआधी आम्ही एकमेकांना नंबरप्लेटने ओळखायचो. एमएच ०३ म्हणजे वडाळ्याचं आरटीओ, आम्ही पूर्व उपनगरवाले. मी विक्रोळीच्या कन्नमवार नगरची. ०२ म्हणजे अंधेरी. ०४ ठाण्याहून यायचे, म्हणजे उशिरा आले तरी त्यांना कुणी बोलायचं नाही. ०१ म्हणजे ताडदेव, अर्थात टाउन. ती एकच गाडी होती आणि तिचा ड्रायव्हर दिवसभर सीट मागे टाकून झोपलेला असायचा. ४३ वाशीचे. लेखा विभागातले एक गृहस्थ माझ्यासाठी बारा वर्षं ‘चंदेरी ४३’ होते. त्यांना चेहरा आहे हे मला परिपत्रकानंतर कळलं.

परिपत्रक निघालं आणि आवार पेटलं. पगार उशिरा झाला तेव्हा एवढं पेटलं नव्हतं. शिक्षक संघटना, कर्मचारी संघटना आणि विद्यार्थी एका बाजूला आलेले मी पहिल्यांदाच पाहिले. एका सरांनी निवेदनात ‘वाहनतळ’ या शब्दालाच हरकत घेतली. तळ म्हणजे लष्कराने टाकायचा असतो, आम्ही काय मोहिमेवर आहोत? (निवेदनाचा मसुदा शुद्धलेखनासाठी माझ्याकडे आला होता. ते वाक्य मी काढलं. आता वाटतं, ठेवायला हवं होतं.)

माझाही राग खरा होता, खोटं कशाला बोलू. पण रागाच्या भरात एक हिशेब केला आणि तिथेच जरा गडबड झाली. एक चारचाकी लावायला साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर जागा धरतात, म्हणजे सुमारे १३५ चौरस फूट. माझ्या मामाची खोली नायगावच्या बीडीडी चाळीत. बीडीडीची खोली १६० चौरस फुटांची. त्या १६० फुटांत मामा, मामी, आजी, चार मुलं, मे महिन्यात आम्ही दोघी बहिणी, शिवाय शिवणाचं मशीन आणि गणपतीत मखर. कोपऱ्यातल्या मोरीला कमरेएवढी भिंत. एका मारुतीच्या जागेत पंचवीस फुटांची भर घातली की आमची अख्खी उन्हाळ्याची सुट्टी! आणि इथे एमएच ०१ सकाळी दहा ते पाच झाडाखाली एकटी, काचा वर करून.

मुंबईत ‘जागा’ म्हटलं की घर आलं, लग्न आलं, भाऊबंदकी आली. स्थळ बघायला गेलं की ‘मुलाची स्वतःची जागा आहे का’ विचारतात. त्या पोराकडे किती चौरस फूट आहेत हा प्रश्न, तो कसा आहे हा नंतरचा. आता त्याला पुढचा प्रश्न लागलाय, पार्किंग आहे का. आमच्या सोसायटीत जागा धरायला जे जे वापरतात त्याचं एक प्रदर्शन भरवता येईल. विटा, फुटकी खुर्ची, पाण्याची रिकामी कॅन, तुळस नसलेलं तुळशीवृंदावन. एका घरातून तर आजोबांनाच सकाळी साडेसातला पेपर घेऊन तिथे बसवतात, नातू जिममधून येईपर्यंत. २०१९ च्या जुलैत महापालिकेने सार्वजनिक वाहनतळांच्या आसपास बेकायदा गाडी लावली तर पाच हजारांपासून तेवीस हजारांपर्यंत दंड जाहीर केला होता. त्या आठवड्यात आमच्या गल्लीत रस्ता एवढा रुंद आहे हे लोकांना नव्याने कळलं. दंडाच्या रकमेत जुनी स्कूटर येते, असं नवरा म्हणाला. तो प्रत्येक गोष्टीची किंमत स्कूटरमध्ये सांगतो.

विद्यापीठ आणि वाहन हे भांडण तसं आजचं नाही. फोर्टात विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला. त्याच्या तळाशी जी उंच कमानींची देवडी आहे ती घोडागाडी आत येऊन थांबावी म्हणून. पावसात न भिजता बग्गीतून थेट ग्रंथालयाच्या दारात. सर्वसामान्यांसाठी घोड्यांची ट्राम त्याआधी चार वर्षं, १८७४ मध्येच सुरू झालेली. म्हणजे दारापर्यंत बग्गी कुणाची आणि ट्रामने उतरून चालत कोण येणार, याची वाटणी तेव्हाच झाली होती. फोर्टात आजही रिक्षा चालत नाही, तिची हद्द वांद्रे-शीवला संपते. तिथले सहकारी मुकाट्याने चर्चगेटहून चालत जातात आणि आमच्या निवेदनावर हसतात.

पहिली तारीख आली. मी निषेध म्हणून स्कूटर घरी ठेवली. निषेध चार दिवस टिकला. रिक्षाचं किमान भाडं फेब्रुवारी २०२५ पासून २३ चं २६ झालं आणि बेस्टची पाच रुपयांची बस त्याच वर्षी ९ मे पासून दहाची. एसी सहाची बाराला. बसचे दहा देणं अजिबात जड नाही, पण गेटवर उतरून आत यायला दहा मिनिटं लागतात ही गोष्ट वीस वर्षांत मला कळलीच नव्हती. गिरगावहून येणारे आमचे एक सर मात्र खूश. मेट्रो तीन ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाल्यापासून त्यांनी गाडी विकायला काढली आहे. ‘गारेगार’ हा शब्द ते दिवसातून सहा वेळा वापरतात.

पाचव्या दिवशी अर्ज केला. स्टिकर मिळाला: हिरवा, गोल. मागच्या गेटला स्कूटर लावली, ‘लावली’ म्हणायला जीव होत नव्हता, रांगेत कोंबली. तिथून ग्रंथालय अकराशे वीस पावलं. मोजली.

बॅटरीच्या गाडीत मी आठवडाभर पाय ठेवला नाही. पवईला आयआयटीत भाचा होता, तिथल्या ‘टमटम’चं त्याला फार कौतुक. हॉस्टेलपासून मेन गेटपर्यंत तीच, नाहीतर सायकल. तेव्हा मी त्याला म्हटलं होतं, जत्रेतल्या झुकझुक गाडीत बसल्यासारखं वाटत असेल. आता आमच्याकडे तीच आली, पांढरी, वर ताडपत्रीचं छत, बाजू उघड्या, तीन बाकं आणि प्रत्येक बाकावर तीन माणसांची सोय. शेवटचं बाक उलटं, मागे तोंड करून बसायचं. तिचा आवाजच येत नाही, म्हणून ड्रायव्हर तोंडाने ‘चला चला, साइड’ म्हणत जातो. पावसाची तिरपी सर आली आणि मी चढले.

आणि काय सांगू, तिसऱ्याच फेरीला गाडीत लोकल उतरली. बाक तिघांचं होतं ना? एक बाई चढल्या, हातात डब्याची पिशवी, आणि बसलेल्यांकडे न बघता म्हणाल्या, “जरा सरकता का?” तिघं चार-चार बोटं सरकली आणि चौथी सीट तयार झाली. कुणी शिकवलं नाही, कुठे लिहिलं नाही. अर्धी मांडी बाकावर, अर्धी बाहेर, एक हात दांड्याला. वळणावर बाजूवालीने न विचारता दंड पकडला. ‘कुठे उतरणार?’ हा प्रश्नही सुरू झाला. गाडीला थांबे चारच आहेत, तरीही.

चंदेरी ४३ माझ्या शेजारी बसले होते. चष्मा आहे, उजव्या गालावर तीळ आहे, कारल्याची भाजी डब्यात असली की कावराबावरा होतो माणूस. बारा वर्षं त्यांची गाडी पाहिली, कारलं पहिल्यांदा कळलं. ०१ वाले अजून एकदाही चढलेले नाहीत. त्यांना कसलीशी खास परवानगी मिळाली आहे म्हणतात. मी पडताळून पाहिलेलं नाही, पण त्यांच्या ड्रायव्हरने झोपायची जागा बदललेली दिसते.

झाडाभोवती आता आळं केलंय. पेव्हर काढून माती घातली. कोपऱ्यातला तेवढा सपाट तुकडा तसाच राहिला, कंत्राटदाराचे ब्लॉक मोजून आले असावेत. माझ्या स्कूटरच्या सावलीत दुपारी एक पिवळं कुत्रं झोपायचं. ते अजूनही तिथेच येतं, बरोबर तेवढ्याच सहा बाय अडीचमध्ये, ऊन फिरलं की तेही फिरतं. गाडी तिथून वळते तेव्हा मी मान वळवून बघते. बाजूला कुणी असेल तर फोन बघितल्यासारखं करते.

परवा सकाळी जरा उशीर झाला. गाडी भरलेली होती आणि मधल्या बाकावर उजवीकडच्या टोकाला, ड्रायव्हरच्या अगदी मागे, म्हणजे जिथे मी रोज बसते तिथे, प्रथम वर्षाची वाटावी अशी एक मुलगी बसली होती, कानात इअरफोन. मी काही बोलले नाही. नुसती उभी राहिले. ड्रायव्हरने आरशात पाहिलं आणि मागे वळून तिला म्हणाला, “ताई, ती मॅडमची जागा आहे.”

पोरगी गडबडून उठायला लागली. बॅग मांडीवरून घसरली.

“बस गं,” म्हटलं, “जरा सरक फक्त.”