कंपनीतला पाव

आमच्या घरी ‘कंपनी’ म्हणजे लोट्याची एमआयडीसी. बाबा पहिल्या पाळीला कंपनीत जायचे, दिवाळीला कंपनीचा बोनस व्हायचा, कंपनीची बस चुकली की सगळ्या घराचा दिवस बिघडायचा. इतिहासाच्या तासाला दुसरी कंपनी भेटली, १६०० साली राणीची सनद मिळवलेली. त्यामुळे आठवीत इंग्रजीच्या बाईंनी ‘अ मॅन इज नोन बाय द कंपनी ही कीप्स’ असं फळ्यावर लिहिलं, तेव्हा मी उभं राहून अर्थ सांगितला: माणूस ज्या कंपनीत कामाला असतो, तिच्यावरून त्याची ओळख होते.

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. “अर्थ चुकला, इथे कंपनी म्हणजे सोबत. पण तू फार लांब गेलेला नाहीस,” असं म्हणून त्यांनी फळ्यावर दोन लॅटिन शब्द लिहिले. ‘कुम’ म्हणजे सोबत, ‘पानिस’ म्हणजे पाव, भाकरी. जो आपल्याबरोबर भाकरी खातो तो कंपॅनियन, आणि अशा माणसांची झाली कंपनी. व्यापारी एकत्र आले तरी कंपनी, लष्कराची तुकडी कंपनी, आपली नाटक कंपनीसुद्धा. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “चहाबरोबर पाव खातोस ना? तो शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला. मूळ तेच, पानिस!”

पुढे त्यांनी जे सांगितलं ते मला आजही रोज उपयोगी पडतं. नोकरीची कंपनी मोजता येते, एक कंपनी, दोन कंपन्या. सोबतीची मोजता येत नाही, म्हणून ‘ही केप्ट मी कंपनी’ या वाक्यात कंपनीआधी ‘अ’ नाही. आणि मराठीत आपण कंपनी ‘देतो’, इंग्रजीत तिथे ‘कीप’ येतं.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत बाई शिक्षकांच्या खोलीत गेल्याच नाहीत. व्हरांड्यात आमच्या पंगतीला बसल्या. डब्यात तांदळाची भाकरी आणि वालाची उसळ होती. बोटांना खडू लागलेला, तो पदराला पुसून त्यांनी भाकरी मोडली आणि अर्धी माझ्या डब्याच्या झाकणात ठेवली. मला एवढा मान कुणी दिला नव्हता. भाषा अशी शिकवणाऱ्या बाई आम्हाला लाभल्या, हे माझ्या शाळेचं मोठं देणं आहे.

बाबांच्या बायपासच्या वेळी मी रात्रभर दवाखान्यातल्या बाकावर होतो. आठवीत सर्वांत मोठ्याने हसलेला माझा वर्गमित्र अकरा वाजता आला. “तुला कंपनी द्यायला आलोय,” एवढंच बोलला. पहाटे खालच्या टपरीवरून दोन चहा आणले. पाव एकच उरला होता. त्याने तो मोडला आणि मोठा तुकडा माझ्याकडे सरकवला.