निर्यात आपटली, तरी बेरोजगारीचा दर का हलत नाही?

दर महिन्याच्या १५ तारखेच्या आसपास दिल्लीहून दोन पत्रकं येतात. एक वाणिज्य मंत्रालयाचं, आयात-निर्यातीचं. दुसरं सांख्यिकी मंत्रालयाचं, श्रमशक्ती सर्वेक्षणाचं. हे दरमहा मिळायला लागलं ते मे २०२५ पासून. दोन्हींचे मथळे शेजारी ठेवले की वाटतं, निर्यात घटली तर बेरोजगारी वाढायला हवी. बहुतेकदा तसं दिसत नाही.

आधी निर्यात. २०२३-२४ मध्ये भारताची वस्तू निर्यात सुमारे ४३७ अब्ज डॉलर होती, २०२४-२५ मध्येही तेवढीच. म्हणजे वर्ष ठप्प गेलं? नाही. पेट्रोलियम उत्पादनांची निर्यात ८४ अब्जांवरून ६३ अब्जांच्या आसपास आली, बाकीची सगळी मिळून ३५३ वरून ३७४ अब्जांवर गेली. म्हणून पत्रक उघडल्यावर पहिलं काम म्हणजे एकूण आकडा सोडून ‘पेट्रोलियम वगळून’ची ओळ शोधायची. तेलाचा भाव उतरला की माल तितकाच जाऊनही डॉलर कमी दिसतात, आणि शुद्धीकरण कारखान्यात माणसं तशीही थोडीच लागतात.

आयातीत सोन्याची ओळ वेगळी काढा. नोव्हेंबर २०२४ ची सोनेआयात आधी १४.८ अब्ज डॉलर जाहीर झाली, पुढे ती ९.८ अब्जांवर आणावी लागली. माहिती एका संगणक प्रणालीतून दुसरीत नेताना काही माल दोनदा मोजला गेला होता. तोवर ‘विक्रमी व्यापारी तूट’ छापून झाली होती! ताज्या महिन्याचा आकडा कच्चा असतो. तुलना मागच्या महिन्याशी नको, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. दिवाळी ऑक्टोबरमध्ये की नोव्हेंबरमध्ये, एवढ्यानेही चित्र पालटतं.

आता बेरोजगारी. खरी मेख इथे आहे. दर काढताना बेरोजगारांना लोकसंख्येने नाही, श्रमशक्तीने, म्हणजे काम करणारे आणि काम शोधणारे मिळून जेवढे, तेवढ्यांनी भागतात. समजा गावात १५ वर्षांवरची १०० माणसं, त्यातली ६० श्रमशक्तीत आणि ३ बेरोजगार. दर ५ टक्के. घरी असलेल्या ५ बायका घरच्याच शेतात बिनपगारी राबू लागल्या, तर तेही कामच धरतात; आता ६५ पैकी ३, म्हणजे ४.६ टक्के. एका रुपयाचा पगार वाढला नाही, दर मात्र उतरला.

देशातही काहीसं असंच झालं. ‘नेहमीच्या स्थिती’नुसार, म्हणजे मागच्या वर्षभराचं काम पाहून काढलेला दर २०१७-१८ मध्ये ६ टक्के होता, २०२३-२४ मध्ये ३.२. त्याच काळात महिलांचा सहभाग २३.३ वरून ४१.७ टक्क्यांवर गेला, आणि स्वयंरोजगारातल्यांचा वाटा ५२ वरून ५८ टक्क्यांवर. मासिक पत्रकातला दर मात्र ‘चालू साप्ताहिक स्थिती’चा, म्हणजे फक्त मागच्या सात दिवसांचा असतो, एप्रिल २०२५ चा ५.१ टक्के. ३.२ आणि ५.१ शेजारी ठेवून ‘बेरोजगारी वाढली’ म्हणणं हे गज आणि मीटरची बेरीज करण्यासारखं आहे. तरी ती बेरीज दर वेळी कोणीतरी करतंच.

साप्ताहिक व्याख्येत सात दिवसांत एक तास काम केलं तरी माणूस रोजगारात धरतात. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने बऱ्याच भारतीय मालावरचं अतिरिक्त शुल्क आधी २५ आणि मग ५० टक्क्यांवर नेलं. आपल्या वस्तू निर्यातीतला साधारण पाचवा हिस्सा तिथे जातो, आणि दागिने, कपडे, कोळंबी हा सगळा हातांनी चालणारा धंदा. ऑर्डर रोडावली की सुरतेतल्या नगावर मजुरी घेणाऱ्या कारागिराचे सहाचे चार दिवस होतात. सर्वेक्षणाच्या लेखी तो रोजगारातच राहतो. ८ डिसेंबर २०२३ ते ४ मे २०२४ कांद्याची निर्यात बंद होती, तेव्हा नाशिकचा शेतकरीही बेरोजगार ठरला नाही. तो स्वयंरोजगारीच होता, भाव कितीही पडला तरी.

त्यामुळे व्यापाराचा फटका शोधायचा असेल तर बेरोजगारीच्या दरापाशी थांबू नका. याच सर्वेक्षणात आठवड्याचे कामाचे तास आणि कमाईही विचारतात. वार्षिक अहवालातले ते तक्ते उघडा, आणि स्वयंरोजगारातून ‘घरच्या उद्योगातले बिनपगारी मदतनीस’ वेगळे काढून पाहा.